मुलांना घेऊन पहिल्यांदाच टेकडीवर सायकल, वेताळ टेकडी झेपेल का?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी, इथे सायकलवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. मुलगा १० वर्षांचा, मुलगी सहा पूर्ण. दोघंही सोसायटीत आणि समोरच्या गल्लीत सायकल चालवतात, थोरल्याची २४ इंची गिअरवाली आहे आणि धाकटीची २० इंची साधी, बिनगिअरची. तिची सपोर्टची चाकं मागच्या वर्षीच निघाली. आता झालंय असं की थोरल्यानं मोबाईलवर जंगलातून सायकली उडवणारे व्हिडिओ बघितलेत आणि "आपण पण जंगलात जाऊया" म्हणून रोज डोकं खातोय, आणि दादा म्हणतो ते सगळं धाकटीला हवंच असतं.

आता पुण्यात जंगल म्हणजे आपली टेकडीच. वेताळ टेकडी आम्हाला जवळ, चालायला अधूनमधून जातो, पण सायकल घेऊन कधी नाही. नवरा कॉलेजनंतर सायकलवर बसलेला नाही (त्याला वाटतं सगळं आठवेल), माझी एक हायब्रिड (रस्ता आणि साधी कच्ची वाट दोन्हीला चालणारी) आहे ती बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येते. दिवाळीच्या सुट्टीत एक सकाळ काढायचा विचार आहे.

विचारायचं हे की कुठल्या बाजूनं गेलेलं बरं, सहा वर्षांच्या मुलीला कितपत झेपेल, आहेत त्याच सायकली चालतील का? कारण दुकानदार म्हणतोय पुढे-मागे शॉकअपवाली घ्या नाहीतर मुलांचे हात दुखतील. आणि पंक्चरचं काय करायचं, टेकडीवर बाभळी आणि बोरी भरपूर आहेत. शिवाय सासूबाईंनी "तिथे साप असतात" असं जाहीर केलंय, त्यालाही काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

चाकोरीबाहेर

कोथरूडच्या आई, नक्की जा! माझी दोन्ही मुलं याच टेकडीवर शिकली, आता मोठा मला मागे टाकून जातो.

पहिली गोष्ट म्हणजे चढून वर जायचा हट्ट धरू नका. कोथरूडकडून किंवा लॉ कॉलेज रोडकडून पायवाटांनी वर यायचं म्हणजे सायकली उचलून न्यायच्या, मुलं वर पोचेपर्यंतच दमतात आणि मग खरी मजा असते तिथे रडारड. त्यापेक्षा पाषाण रोडच्या पंचवटीकडून एआरएआयला (टेकडीवरची गाड्या तपासणारी संस्था) जाणारा डांबरी रस्ता आहे, त्यानं गाडीत सायकली टाकून वर जा, बहुतेक सगळा चढ गाडीनंच संपतो. पुढे पठारावरून वेताळबाबाच्या देवळाकडे आणि खाणीच्या दिशेनं रुंद वाट जाते, मुरूम आणि दगड आहेत पण बऱ्यापैकी सपाट, एकदोन ठिकाणी लहानसे चढउतार. सहा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरे. गिरिपुष्पाच्या झाडीतनं जाणाऱ्या वाटा असतात ना, सावलीच्या, त्या मुलांना फार आवडतात कारण खरंच जंगल वाटतं. वनखात्यानं लावलेली झाडं ती, त्यांच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही त्यामुळे वाट स्वच्छ दिसते. पर्यावरणवाल्यांचा त्या झाडावर राग आहे आणि तो बरोबरच आहे, पण सायकल शिकणाऱ्या पोरांना ती वाट फार सोयीची पडते.

खाणीच्या कडेला मात्र सायकल अजिबात नको. कडा उभा आहे, खाली पाणी. तिकडे बघायचं असेल तर सायकली लांब आडव्या टाकून हात धरून चालत जा.

अंतराचं म्हणाल तर किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. धाकटीसाठी थांबे धरून तास-दीड तास. ती हसत असतानाच "चला आता घरी" म्हणायचं, दमली की मग उशीर झालेला असतो. थोरल्याला कंटाळा येईल, त्याच्यासाठी नवऱ्यानं त्याला घेऊन जरा पुढचा एक फेरा मारावा, तुम्ही तिच्याबरोबर एखाद्या छोट्या उतारावर खेळत बसा. दोन मुलं दोन वेगळ्या वयाची असली की दोघांना एकत्र बांधून ठेवलं की दोघंही वैतागतात, हे मी दर वेळी बघतो.

वेळ: दिवाळीत म्हणजे पावसानंतरची, उत्तम. पावसाळ्यात काळ्या दगडावर शेवाळ धरतं आणि चाक बर्फावर असल्यासारखं सरकतं, तेव्हा नकोच. मार्चनंतर झाडं उघडी पडतात, सावली नाही. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हाच काळ.

रोजचा_फिरस्ता

मला जरा कडू बोलावं लागतंय, राग मानू नका ताई. मी वर्षानुवर्षं रोज पहाटे टेकडीवर जातो. सायकलवाल्यांचा त्रास हल्ली खूप वाढलाय. मागून न सांगता सुसाट येतात, पंच्याहत्तरीचे आजोबा काठी घेऊन चालत असतात ते दचकतात. आणि उतारावर चाक घसरवत ब्रेक मारतात त्यानं मातीत चर पडतो, पुढच्या पावसात त्याच चरातून पाणी जातं आणि वाट ओढ्यासारखी होते. शिवाय चर चुकवायला बाजूच्या गवतातून नवीन वाट पाडतात, मग तिचाही चर. मोर आहेत इथे, ते गवतातच असतात.

मुलांना आणू नका असं म्हणत नाही, उलट मुलं टेकडीवर आली तरच पुढे टेकडी वाचवायला कोणी राहील, रस्त्यांचे आणि बोगद्यांचे प्रस्ताव तर येतच राहणार. पण रविवारी सकाळी सहा ते आठ कृपा करून येऊ नका, त्या वेळी नुसती जत्रा असते. आणि गेटवर पाटी असेल ती वाचा, वेळा आणि सायकलबद्दलचे नियम बदलत असतात, रखवालदाराला सरळ विचारा. तो नाही म्हणाला तर नाही.

चाकोरीबाहेर

काका, हे सगळं शंभर टक्के मान्य. ताई, हे मुलांना आधीच घरी सांगून ठेवा की टेकडीवर चालणाऱ्याचा हक्क पहिला. माणूस दिसला की वेग कमी, बेल एकदाच आणि लांबून, जवळ गेल्यावर "काका डावीकडून येतोय", आणि वाट अरुंद असेल तर उतरून उभं राहायचं. मुलांना हे पटकन जमतं, मोठ्यांनाच जमत नाही. आणि काकांनी सांगितलेल्या वेळेच्या उलट जा, सुट्टीतला मधला वार, सकाळी साडेआठनंतर. तोवर फिरायला येणारे बरेचसे घरी चहा पीत असतात.

पान्हावाला

शॉकअपवाली सायकल घेऊ नका. घेऊ नका. घेऊ नका. तीनदा लिहिलंय कारण लोक ऐकत नाहीत.

कारण सांगतो. ती जी स्वस्तातली पुढे-मागे स्प्रिंगवाली लहान मुलांची सायकल येते तिचं वजन १५-१६ किलोच्या आसपास जातं, आणि तुमची मुलगी असेल वीस किलोची. म्हणजे जवळजवळ स्वतःएवढं लोखंड ती चढावर ढकलणार. वर त्यातली स्प्रिंग इतकी कडक असते की वीस किलोच्या पोरीच्या वजनानं ती हलतसुद्धा नाही, म्हणजे शॉकअप नुसता दिसायला. तिची आहे ती साधी सायकलच उत्तम. हात दुखू नयेत म्हणून करायचं काय तर टायरमधली हवा कमी करायची. दुकानात गेलं की तो पंप लावून टायर दगडासारखा कडक करून देतो, रस्त्यावर ठीक आहे, मुरमावर तो टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि पकड घेत नाही. धाकटीच्या टायरमध्ये २०-२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), थोरल्याच्या २५-३०, आणि टायरच्या बाजूला किमान आकडा छापलेला असतो त्याच्या फार खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात शेजारी शेजारी. मीटर नसेल तर अंगठ्यानं दाबून बघा, थोडा दबला पाहिजे.

दुसरं, ब्रेक. लहान मुलांची बोटं लिव्हरपर्यंत पोचतच नाहीत. लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो आवळला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो, छोटी अ‍ॅलन की किंवा स्क्रू ड्रायव्हर लागतो, दोन मिनिटांचं काम. मग ब्रेकची केबल जरा ताणून घ्या. तपासायची पद्धत अशी की मुलीला दोनच बोटांनी ब्रेक दाबायला सांगा आणि सायकल मागून ढकला, चाक फिरता कामा नये. फिरत असेल तर ती सायकल टेकडीवर न्यायची नाही, विषय संपला. कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा आहे हेही तिला दाखवा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

सीट नेहमीपेक्षा खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील एवढी. चढावर त्यानं पेडल मारायला जड जातं, जाऊ दे, चढावर ती उतरून चालेल. साइड स्टँड काढून टाका, उड्या बसल्या की तो आपोआप खाली येतो आणि वळणावर जमिनीत रुततो. मडगार्ड खडखडत असेल तर तोही काढा.

आता काटे. बाभळीपेक्षा सराटा वाईट, छोटा गोखरू असतो तो, वाटेच्या कडेला पसरलेला, तो टायरमधनं गेला की कळतही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला सापडतो. वाटेच्या मधून चालवायचं, कडेच्या हिरव्यात चाक घालायचं नाही. काटा दिसला तर टेकडीवर लगेच उपटू नका, बऱ्याचदा काट्यानंच भोक बुजलेलं असतं, खाली येईपर्यंत हवा टिकते. सोबत दोन्ही मापांच्या एकेक ट्यूब, पंप, टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायच्या पट्ट्या). आणि नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून सगळीकडे बोटं फिरवून बघा, काटा आतच राहिला असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. बोटं हळू फिरवा, नाहीतर तोच काटा बोटात जाईल.

कोथरूडची_आई

बाप रे, किती छान माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. काका तुमचं अजिबात कडू लागलं नाही, रविवार टाळतोच.

पान्हावाला दादा, तुम्ही सांगितल्यावर धाकटीचा ब्रेक बघितला, तिची बोटं खरंच फक्त टोकानं पोचत होती. आता कळलं ती थांबताना दोन्ही पाय जमिनीवर घासत का थांबते, चपलांचे तळवे का झिजतात त्याचा उलगडा झाला. स्क्रू आवळलाय. पण सवय लागलीय ना पाय टाकायची, ती उतारावर कशी मोडायची? आणि उतार दिसला की ती जागच्या जागी गोठते.

ब्रॅकनेलकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात ब्रॅकनेलला. आमच्याकडे घराजवळ स्विनली फॉरेस्ट म्हणून पाइनचं जंगल आहे, त्यात सायकलसाठी आखलेल्या वाटा आहेत, हिरवी अगदी छोटी नवशिक्यांची, निळी साधारण १० किलोमीटर, लाल त्याहून अवघड. एकाच दिशेनं जायचं त्यामुळे समोरून कोणी येत नाही, चालणारे वेगळ्या वाटांवर. हे सगळं आपल्याकडे नाही याचं वाईट वाटतं, पण एक गंमत सांगतो. इथे इतकी सोय असून पहिल्या दिवशी निळ्या वाटेवर रडणारी मुलं दर शनिवारी बघतो, कारण बाबांनी दहाच्या दहा किलोमीटर पुरे करायचं ठरवलेलं असतं, आणि वाट एकदिशा असल्यामुळे मधूनच परत फिरणंही अवघड. तुमच्या पठारावर कुठूनही मागे फिरता येतं ही मोठी सोय आहे.

पाय टाकायच्या सवयीबद्दल. टेकडीवर शिकवू नका, पार्किंगमध्ये शिकवा. खडूनं रेघ मारायची, लांबून यायचं आणि पुढचं चाक रेघेवर थांबवायचं, पाय पेडलवरच, थांबल्यावर मग पाय खाली. दोन्ही ब्रेक एकदम पण हळूहळू दाबायचे. माझ्या लेकीशी मी पैज लावायचो, रेघेच्या पलीकडे गेलीस तर भांडी तू घासायची. आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरतात.

मग दुसरा धडा, पेडल आडवी. म्हणजे एक पाय पुढे एक मागे, दोन्ही सारख्या उंचीवर, आणि बूड सीटवरून दोन बोटं उचललेलं, कोपर आणि गुडघे सैल. सोसायटीच्या स्पीड ब्रेकरवरून असं जाऊन बघायला सांगा, आधी बसून, मग उभं राहून. फरक तिला स्वतःलाच कळतो, मग ती सीटवर बसतच नाही. पेडल खाली सोडलेलं असलं की ते दगडावर आपटतं आणि पोरं पडतात, निम्मं पडणं त्यानंच होतं.

उताराला घाबरते तर उतार अर्ध्यातून सुरू करा. वरून नाही, शेवटच्या पाच-सात पावलांतून. तुम्ही शेजारनं चालत राहा, हात तिच्या पाठीवर ठेवा, हँडलला मात्र हात लावू नका, हँडल धरलं की तिला तोल सापडत नाही. जमलं की दोन पावलं वरून. आणि "दगड बघ, दगड बघ" असं ओरडू नका, ज्याच्याकडे नजर त्याच्याकडे चाक जातं, "त्या पळसाकडे बघ" म्हणा. चढावर धाकटी थकली तर जुनी ट्यूब कापून नवऱ्याच्या सीटखाली आणि तिच्या हँडलच्या मधल्या दांड्याला बांधून ओढता येतं, इथे बरेच पालक करतात, मुलांना फार मजा वाटते. फक्त चढावर, उताराला आधी सोडायची.

चाकोरीबाहेर

मस्त लिहिलंय ब्रॅकनेलकर. ट्यूबची युक्ती मीही करून बघणार.

सासूबाईंसाठी: साप आहेत, घोणससुद्धा आहे, टेकडी आहे ती. पण रुंद वाटेवर सायकलच्या खडखडीची कंपनं जाणवून बरेचसे साप आधीच निघून जातात, घोणस मात्र कधीकधी जागची हलत नाही. धोका कुठे असतो तर मुलं शू करायला किंवा चेंडू शोधायला वाळक्या पाल्यात, दगडांच्या फटीत शिरतात तिथे. तेव्हा नियम एकच, वाट सोडून एकट्यानं जायचं नाही, दगड उचलायचे नाहीत. मला विचाराल तर मला सापापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त वाटते. झाडाला किंवा कड्याला मोठं काळं पोळं लोंबताना दिसलं तर तिथे आरडाओरडा नाही, दगड मारणं तर नाहीच, गुपचूप मागे. आणि तीव्र वासाचं बॉडी स्प्रे मारून जाऊ नका. भटकी कुत्री मागे लागली तर पळवायची नाही सायकल, उतरायचं आणि सायकल मध्ये धरून उभं राहायचं, बहुतेक वेळा त्यांचा उत्साह तिथेच संपतो.

अजून एक, दिवाळीत टेकडीवर कुसळांचा बहर असतो. मोजे लोकरीचे नकोत, गुळगुळीत आणि आखूड घाला किंवा पँटचे पाय मोज्यात खोचा. बॅगेत चिमटा ठेवा. खायला केळी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, पाणी प्रत्येकी निदान एक बाटली, वर काही मिळत नाही. हेल्मेट अर्थातच, कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, बरीच मुलं ते टोपीसारखं मागे ढकलून घालतात, त्याचा काही उपयोग नाही.

कोथरूडची_आई

जाऊन आलो!! गेटवर विचारलं, त्या भाऊंनी आधी मुलांच्या सायकलींकडे आणि मग आमच्याकडे बघून "हळू चालवा" एवढंच सांगितलं. पंचवटीकडूनच गेलो.

थोरला खूश. नवऱ्याला आठवलं सगळं, पण मागच्या बाजूला सीट लागल्याचं तो अजून सांगतोय. त्यानं "चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका कर" हे मुलाला शिकवलं आणि स्वतः मात्र चढाच्या मध्यावर गिअर बदलून चेन पाडली, मुलगा दिवसभर हसत होता. धाकटीनं पहिला अर्धा तास नुसतीच सायकल ढकलली, मला वाटलं गेला दिवस. मग झाडीत एक इवलासा उतार सापडला, माझ्या उंचीएवढासुद्धा नसेल, तिथे ब्रॅकनेलकरांनी सांगितलं तसं शेवटच्या पाच पावलांपासून सुरुवात केली आणि मग ती तिथून हलेचना. वर ढकल, खाली ये, वर ढकल, खाली ये. देवळापर्यंत पोचलोच नाही. दोघा-तिघा आजोबांनी थांबून टाळ्या वाजवल्या, त्यात तुम्ही होतात का हो काका?

सराट्यानं एक पंक्चर झालंच, माझ्याच सायकलचं, आणि कोणत्याच मापाची जास्तीची ट्यूब माझ्या सायकलला बसत नव्हती, त्यामुळे मी चालत.

पान्हावाला दादा, एक शेवटचं. घरी आल्यापासून थोरल्याच्या सायकलला पेडल मारताना कट कट असा आवाज येतोय, फक्त जोर लावला की. चेन पडली ती नवऱ्याच्या सायकलची, याच्या नाही. काय असेल?

रोजचा_फिरस्ता

मी नव्हतो ताई, मी साडेसातला घरी. पण मधल्या वारी आलात, बरं वाटलं.

पान्हावाला

जोर लावल्यावर कट कट म्हणजे बऱ्याचदा पेडल किंवा क्रँक (पेडल ज्याला बसवलेलं असतं तो दांडा) ढिला. आधी पेडल बघा, १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल घड्याळाच्या दिशेनं आवळतं, डावं उलट, डाव्याला नेहमीसारखं फिरवलंत तर सुटून हातात येईल. ते घट्ट असेल तर क्रँक हातानं धरून आतबाहेर हलवून बघा, हलला तर त्याच्या मधला बोल्ट आवळायला दुकानात न्या आणि तोपर्यंत चालवू देऊ नका, ढिल्या क्रँकवर चालवलं की आतलं चौकोनी भोक झिजतं आणि मग अख्खा क्रँक बदलावा लागतो. दोन्ही ठीक असेल तर सीटचा दांडा बाहेर काढा, पुसा, थोडं ग्रीस लावून परत घाला. वर धूळ खूप आहे, ती तिथे जाऊन बसली की आवाज पेडलमधनंच येतोय असं वाटतं.